दाराशी विचारलेले प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

२०१८ साली मी पाच महिने लेकीकडे राहून आले, अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीला. तिचं पहिलं बाळंतपण होतं. शेजारच्या घरात माझ्याच वयाच्या एक बाई राहायच्या. बाळ घरी आलं त्याच दिवशी त्या कापडाचे तुकडे जोडून शिवलेली दुलई घेऊन आल्या. हुबेहूब आपली गोधडी! तिथून आमची मैत्री जमली. संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओसरीवर बसायचो. मी माझा चहा घेऊन जायची, त्या लिंबाचं सरबत घ्यायच्या, कारण त्यांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य.

त्या मॉर्मन होत्या. एका संध्याकाळी मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही लोक आतून काहीतरी खास कपडा घालता म्हणे. तो दिसतो कसा?" त्यांनी पेला खाली ठेवला. रागावल्या नाहीत. "ते माझं आणि देवाचं आहे," एवढंच म्हणाल्या आणि झाडांना पाणी घालायला उठल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. दादरला चाळीत राहत असताना कुठल्या शेजारणीला मी असा प्रश्न केला असता? मग इथेच माझी जीभ इतकी सैल कशी सुटली? त्या प्रश्नाने मला पुढे पुष्कळ वाचायला लावलं. त्यातलं थोडं आज तुमच्यापुढे मांडते.

या पंथाचं पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. मॉर्मन हे बाहेरच्यांनी पाडलेलं नाव, ते वापरू नये असं त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ मध्येच सांगितलं. आपल्या कानांना तेच ओळखीचं म्हणून मी आज ते वापरते आहे. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ याने हा पंथ स्थापला. आज जगभरात त्यांची संख्या १ कोटी ७० लाखांच्या वर आहे.

त्यांची रविवारची उपासना साध्या चर्चमध्ये होते. तिथे कोणीही जावं, मागच्या बाकावर बसावं. मी दोनदा गेले. मंदिर ही निराळी वास्तू, आणि ती रविवारी बंद असते. मंदिरात जायला एक शिफारसपत्र लागतं. दर दोन वर्षांनी आधी स्थानिक बिशप आणि मग त्याच्या वरचा अधिकारी मुलाखत घेतो. श्रद्धा आहे ना, वागणूक शुद्ध आहे ना, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता ना, दारू-तंबाखूपासून लांब आहात ना, अशी विचारपूस होते. हे प्रश्नही आता गुप्त नाहीत. २०१९ च्या अधिवेशनात अध्यक्षांनी ते सगळ्या जगापुढे वाचून दाखवले.

आत काय होतं, तेही ढोबळमानाने चर्च स्वतःच सांगतं. पाण्याने आणि तेलाने शुद्धीचा एक विधी होतो. मग सगळे पांढरे कपडे घालतात, म्हणजे बँकेचा मॅनेजर कोण आणि झाडूवाला कोण ते कळत नाही. सृष्टीची उत्पत्ती आणि आदम-हव्वेची कथा सांगितली जाते, आणि तिच्या ओघात माणूस देवाला वचनं देतो: आज्ञापालनाचं, त्यागाचं, येशूच्या शिकवणुकीप्रमाणे चालण्याचं, शीलाचं, आणि आपलं सगळं देवकार्याला वाहण्याचं. याला ते 'एंडोमेंट' म्हणतात. नवरा-बायकोला मरणापलीकडेही एकत्र बांधणारा विधी म्हणजे 'सीलिंग'. शेवटी सगळे एका उजळ, शांत दालनात बसतात. तिथे प्रवचन नाही, गाणं नाही. ज्या कपड्याबद्दल मी विचारलं, तो या वचनांची आठवण म्हणून रोज अंगावर असतो. २०१४ मध्ये चर्चने त्याचा व्हिडिओच काढला आणि त्याची टिंगल करू नका अशी विनंती केली. म्हणजे मला ओसरीवर तो प्रश्न विचारायची गरजसुद्धा नव्हती.

एवढं उघड असूनही काही शब्द, काही खुणा ते बाहेर उच्चारत नाहीत. तसं वचनच दिलेलं असतं. फुटीर लोकांनी ते सगळं केव्हाच छापलंय, हे त्यांनाही माहीत आहे. तरी ते बोलत नाहीत. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं: जगाला कळून चुकलेली गोष्ट कसली जपायची? मला हे कळलं ते माझ्या आईमुळे. आईने तरुणपणी अनुग्रह घेतला होता. गुरूंनी कानात दिलेला मंत्र तिने वडिलांनाही कधी सांगितला नाही. तो मंत्र पोथीत छापलेला असेलही. पण तिला तो त्या दिवशी, त्या माणसाकडून, तिच्या कानात मिळाला होता. आई गेली आणि तो तिच्याबरोबर गेला. आम्ही भावंडांनी कधी विचारलं नाही, आणि त्यात काही लपवाछपवी आहे असंही आम्हाला कधी वाटलं नाही.

पारशी कॉलनीतल्या अग्यारीवरून तर मी वर्षानुवर्षं शाळेत गेले. बाहेरच्यांनी आत जायचं नाही, हे आम्हा पोरांना ठाऊक होतं आणि कोणी कधी कुंपणावरून डोकावलं नाही.

अमेरिकेत डोकावणारे होते. १९११ सालची गोष्ट. सॉल्ट लेकचं मंदिर तेव्हा कामासाठी बंद होतं. गिसबर्ट बोसार्ड नावाचा, पंथावर नाराज झालेला एक तरुण बागेच्या माळ्याला हाताशी धरून आत शिरला आणि त्याने खोल्यांचे फोटो काढले. त्याच्या साथीदाराने, मॅक्स फ्लोरेन्सने, चर्चकडे एक लाख डॉलर मागितले. पैसे द्या, नाहीतर चित्रं लोकांना दाखवतो! तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ (पंथ स्थापणारा जोसेफ स्मिथ वेगळा) यांनी कळवलं की चोरांशी आणि चोरीच्या मालाचा व्यापार करणाऱ्यांशी आपण सौदा करणार नाही. मग चर्चने काय करावं? जेम्स टालमेज या विद्वानाच्या सूचनेवरून आपल्याच छायाचित्रकाराला आत पाठवलं, त्याहून उत्तम चित्रं काढली आणि १९१२ मध्ये पुस्तकात छापून टाकली. खोल्या, जिने, गालिचे, सगळं. जे दाखवण्यासारखं होतं ते दाखवलं आणि जे बोलायचं नाही ते बोलले नाहीत. ही रेषा मला फार आवडली.

पण श्रोतेहो, या पंथाने सगळेच प्रश्न दाराबाहेर थोपवावेत असं मी म्हणणार नाही. काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. दाराच्या आत जे होतं त्याचा चटका बाहेरच्या माणसाला बसतो, तेव्हा त्याचा विचारायचा हक्क उभा राहतो.

रीड स्मूट हे मॉर्मन नेते १९०३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आले तेव्हा मोठं वादळ उठलं. वर्षानुवर्षं चौकशी चालली. त्यात साक्षीदारांना मंदिरातल्या शपथांविषयी विचारलं गेलं. १८४४ मध्ये जोसेफ स्मिथला तुरुंगात जमावाने गोळ्या घालून मारलं होतं. त्या रक्ताचा देवाने या राष्ट्रावर सूड घ्यावा, अशी प्रार्थना मंदिरात करवून घेतात का? या प्रश्नात आकसाचा भाग होताच. तरी ज्या राष्ट्राच्या सिनेटमध्ये हा माणूस बसणार, त्या राष्ट्राने हे विचारणं मला रास्त वाटतं. १९०७ मध्ये स्मूट यांची जागा कायम राहिली. सुडाचा तो मजकूर १९२० च्या दशकात विधीतून गेला. पुढे १९९० मध्ये आणखी काही कठोर भाग गळले. विधी बदलत आले आहेत, आणि त्यात बाहेरच्यांच्या प्रश्नांचाही वाटा असावा असं मला वाटतं.

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र घरातलाच होता. जेन मॅनिंग जेम्स ही कृष्णवर्णीय बाई. शेकडो मैल पायी चालून ती जोसेफ स्मिथच्या गावी, नॉव्हूला पोचली. त्याच्या घरात तिने काम केलं, पुढे युटापर्यंत खडतर प्रवास केला, जन्मभर निष्ठेने राहिली. म्हातारपणी ती पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिली की मला मंदिरातला एंडोमेंट मिळू द्या. कातडीच्या रंगामुळे नकार मिळत राहिला. १८९४ मध्ये एक विधी झाला खरा, आणि तोही असा, की तिला स्मिथच्या घराण्याशी 'सेविका' म्हणून जोडलं गेलं. त्या वेळी तिला आत घेतलं नाही. तिच्या जागी दुसरी बाई उभी केली. जेन १९०८ मध्ये वारली. काळ्या माणसांवरची बंदी उठली १९७८ च्या जूनमध्ये, आणि तिच्या नावे तो विधी झाला १९७९ मध्ये, तिच्या मरणानंतर सात दशकांनी.

हे वाचताना मला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवला, पंढरपूरला साने गुरुजींनी धरलेलं उपोषण आठवलं. दीक्षा घेतल्याशिवाय आत येऊ नका, हे मी समजू शकते. दीक्षा मागणाऱ्याला जन्मावरून परत पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे दार ठोठावणाऱ्याचा आवाज मोठा झाला तर तो मोठाच व्हायला हवा.

शेजारच्या बाईंनी एकदा आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली. त्या मूळच्या कॅथलिक. विशीत मॉर्मन झाल्या आणि मंदिरात लग्न केलं. आईवडिलांना आत प्रवेश नव्हता. आधी सर्वांदेखत कायदेशीर लग्न करायचं, तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे, असा तेव्हाचा नियम. त्या थांबल्या नाहीत. आई मांडीवर फुलं घेऊन बागेतल्या बाकावर बसली होती. "बाहेर आले तेव्हा फुलं सुकली होती," बाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांनंतरही त्यांचा गळा दाटून आला. स्वतःच्या लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायला मिळू नयेत, हे दुःख आपल्याकडच्या कुठल्याही आईला समजावून सांगायला नको. मी भारतात परतले आणि २०१९ च्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. वर्षभर थांबायची अट काढून टाकली होती. आता सकाळी सगळ्या गोतावळ्यासमोर लग्न करून त्याच दिवशी मंदिरात जाता येतं. त्या फोनवर रडत होत्या. त्यांची आई कधीच गेलेली.

आणि एक प्रश्न होता तो माझा. मेलेल्यांच्या नावाने बाप्तिस्मा. मंदिराच्या तळघरात बारा बैलांच्या पाठीवर पेललेला एक मोठा हौद असतो. बैल म्हणजे इस्रायलचे बारा वंश. जिवंत माणूस त्यात मृताच्या वतीने बुडी घेतो. मृतात्म्याने तो स्वीकारावा वा नाकारावा, त्याला मोकळीक आहे, अशी त्यांची श्रद्धा. पण नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावं या यादीत निघाली तेव्हा त्यांच्या नातेवाइकांच्या काळजाला घरं पडली. ज्यू म्हणून ज्यांचा जीव घेतला, त्यांचं ज्यू असणं मेल्यावरही का पुसता? १९९५ मध्ये चर्चने हे थांबवण्याचं मान्य केलं. तरी २०१२ मध्ये ॲन फ्रँकचं नाव पुन्हा निघालं आणि वाद पेटला. त्याच सुमारास महात्मा गांधींच्या नावेही असा विधी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

ते वाचून मी अस्वस्थ झाले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी धीर करून बाईंना विचारलं, "माझ्या आईबद्दल मी तुम्हाला इतकं सांगितलंय. तिचं नाव तुम्ही तिथे नेणार नाही ना?" या वेळी त्या उठून गेल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नाही. आम्हाला फक्त आमच्या पूर्वजांची नावं नेता येतात. तुझी आई तुझी आहे." पहिल्या प्रश्नाला त्यांनी पाठ फिरवली होती, दुसऱ्याला डोळ्यांत बघून उत्तर दिलं. दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

१९८५ मध्ये स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळ मॉर्मन मंदिर होत होतं, तेव्हा तिथल्या लोकांचा विरोध होता. तिथले लुथरन बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी स्वतः पुढे होऊन तीन गोष्टी सांगितल्या. एखादा धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्यांना विचारा, त्याच्या शत्रूंना नको. आपलं सर्वोत्तम त्यांच्या सर्वात वाईटाशी तोलू नका. आणि मनात थोडा 'पवित्र हेवा' असू द्या: त्यांच्याकडचं हे आपल्याकडे असतं तर! त्यांना स्वतःला असा हेवा वाटला तो याच मृतांसाठीच्या विधीचा, मेलेल्या आप्तांसाठी काही करता येण्याचा. ज्या विधीने एका समाजाचं काळीज दुखावलं, त्याच विधीत दुसऱ्या धर्माच्या बिशपला एवढी माया दिसली. मला दोन्ही खरं वाटतं. आपणही पितृपक्षात कावळ्याची वाट पाहत उभे राहतोच की.

बेंगळुरूलाही असं मंदिर व्हायचं २०१८ मध्ये जाहीर झालं आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये कामाला प्रारंभ झाला. नवं मंदिर पवित्र करण्याआधी काही दिवस ते सर्वांना खुलं असतं, कुठल्याही जातीधर्माच्या माणसाला. सॉल्ट लेकचं मंदिर बांधायला ४० वर्षं लागली. १८९३ मध्ये ते पवित्र करण्याच्या आदल्या संध्याकाळी काही बाहेरच्या लोकांना आतून दाखवलं, आणि मग दारं लागली. आता मोठ्या दुरुस्तीनंतर ते एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ या काळात लोकांसाठी उघडणार आहे. बाईंनी मला आत्ताच बोलावून ठेवलंय. बुटांवर प्लॅस्टिकचं आवरण चढवून रांगेने आत जायचं असतं, फोटो काढायचे नसतात. गुडघे साथ देतील तर मी जाणार आहे. बारा बैलांचा तो हौद मला त्यांच्या शेजारी उभं राहून पाहायचाय.