नमुना 8 मधलं घर आणि घरातला माणूस

(नवनिर्वाचित सरपंच आणि सदस्यांच्या प्रशिक्षणात एका निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

सरपंच ताई, दादा, सगळी सदस्य मंडळी, नमस्कार. सकाळपासून अंदाजपत्रक, निविदा, वित्त आयोग असं बरंच तुमच्या कानावर पडलंय. जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलं आणि विषय मिळाला ‘सामाजिक सेवा’. म्हणजे डुलकीची पक्की सोय. म्हणून मी योजनांची नावं घेत बसत नाही, तुमच्या कार्यालयातल्या कपाटापासून सुरुवात करतो.

त्या कपाटात नमुना 8 आहे, कर आकारणी नोंदवही. गावातलं एकूण एक घर त्यात सापडतं. लांबी-रुंदी किती, पत्र्याचं की स्लॅबचं, मालक कोण, भोगवटादार कोण. शेजारीच जन्म-मृत्यूचं रजिस्टर आहे. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण माझी जीभ अजून वळत नाही) विवाहाचीही नोंद करतो. म्हणजे माणूस जन्माला आला, त्याचं लग्न झालं, तो गेला, हे तिन्ही पंचायतीला कळतं. मधली पन्नास-साठ वर्षं तो कसा जगला, याला रकाना नाही. लेखासंहितेत, म्हणजे पंचायतीच्या हिशेब-दप्तराच्या नियमांत, 33 नमुने आहेत. शेवटचा 33 वा झाडांच्या नोंदीचा आहे. गावातल्या झाडाला नमुना आहे. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला नाही.

आता कुणी म्हणेल, साहेब, हे पंचायतीचं काम आहे का? राज्यघटना काढून बघा. पंचायतराजची 73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, तिच्यासोबत अकरावी अनुसूची आली, 29 विषयांची. त्यात महिला-बालविकास आहे, दिव्यांगांसह समाजकल्याण आहे, दुर्बल घटकांचं कल्याण आहे, रेशनसुद्धा आहे. पण हे विषय पंचायतींकडे किती सोपवायचे, हे घटनेनं राज्यांवर सोडलं. आपल्याकडे काय झालं ते तुम्ही रोज बघता. अंगणवाडी सेविका महिला व बालविकास खात्याची, आशा आरोग्याची, तलाठी महसूलचा, रेशन दुकानदार पुरवठ्याचा. संजय गांधी निराधारचा, म्हणजे आधार नसलेल्यांना दरमहा मिळणाऱ्या मदतीचा, अर्ज मंजूर होतो तालुक्याला. लोक मात्र येतात तुमच्या ओट्यावर, कारण मत त्यांनी तुम्हाला दिलेलं असतं.

पंचायतीच्या स्वतःच्या हातात थोडा पैसा आहे. स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणाला, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. हा खर्च बंधनकारक आहे. आणि हा खर्च कधी होतो? मार्चमध्ये. मी स्वतः केलाय, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवत नाही.

एका गावात मी ग्रामसेवक होतो. घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाचं उत्पन्न जेमतेम चार लाख. म्हणजे दिव्यांगांचे वीस हजार. मार्चची वीस-बावीस तारीख, वरून फोनवर फोन, खर्च दाखवा. यादीत 26 नावं होती. वीस हजार भागिले 26, माणशी 769 रुपये. सरपंचांच्या हस्ते वाटप, गळ्यात हार, फोटो, दप्तर पूर्ण. कुणी तक्रार केली नाही, कारण सगळ्यांना सारखे मिळाले. त्या 26 जणांत एक पोरगी होती, आठ-नऊ वर्षांची, ऐकू न येणारी. तिला श्रवणयंत्र हवं होतं. एक गृहस्थ होते, पाय गेलेला, पण स्वतःची पिठाची गिरणी. त्यांना आमच्या 769 ची काही गरज नव्हती, तसं ते म्हणालेही. मी त्यांची सही घेतली आणि पैसे दिले. समान वाटप केलं की ऑडिटला उत्तर द्यावं लागत नाही, आणि कुणाला काय हवं हे विचारायचे कष्टही वाचतात. महिला-बालकल्याणाचंही तसंच. अंगणवाडीला खुर्च्या, पुढच्या वर्षी पुन्हा खुर्च्या. एका अंगणवाडीत मी खुर्च्यांवर रचलेल्या खुर्च्या पाहिल्यात आणि पोरं सतरंजीवर.

त्या वर्षी मी यादी ऑगस्टमध्ये काढून एकेका घरी गेलो असतो, तर? वीस हजारांत सगळं झालं नसतं, कबूल. पण श्रवणयंत्रासाठी जिल्ह्याच्या शिबिराला त्या पोरीला न्यायला भाड्याची गाडी तरी झाली असती.

आता थोडं केरळकडे जाऊ. तिथलं सगळं भारी आणि आपलं सगळं टाकाऊ, असं मी म्हणत नाही. पण 1996 मध्ये त्यांनी लोकयोजना मोहीम काढली आणि राज्याच्या योजना खर्चातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा स्थानिक संस्थांकडे वळवला. 1998 मध्ये कुडुंबश्री आलं, बायकांच्या शेजारगटांचं जाळं, वॉर्डापासून पंचायतीपर्यंत बांधलेलं. पंचायतीला एखाद्या घरात काय चाललंय ते हवं असेल, तर विचारायला शेजारीण असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी 2008 मध्ये राज्याचं धोरण झालं आणि पंचायतींच्या पैशातून परिचारिका घरोघर जाऊ लागल्या, जखमा धुवायला, मूत्रनळी बदलायला. ही असली कामं, ज्यांचा फोटो निघत नाही.

मला त्यांचं 2021 नंतरचं काम जास्त सांगायचंय. अतिगरीब कुटुंबं शोधायची म्हणून त्यांनी वॉर्डवार बैठका घेतल्या, नावं काढली, घरी जाऊन तपासली, ग्रामसभेत ठेवली. शेवटी यादी झाली 64,006 कुटुंबांची. आणि मग प्रत्येक कुटुंबाचा वेगळा आराखडा. एका घराला अन्न हवं, दुसऱ्याला औषध, तिसऱ्याला छप्पर, चौथ्याकडे आधार-रेशनकार्डच नाही म्हणून सगळं अडलेलं. अशी कागद नसलेली माणसं त्या यादीत बरीच निघाली, आणि त्यांची पहिली गरज कागद हीच होती. 1 नोव्हेंबर 2025 ला त्यांनी राज्य अतिगरिबीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यावर तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी सवाल केले, की यादी इतकी लहान कशी, निकष कोणते. ते सवाल रास्त आहेत. घोषणेपेक्षा मला त्यांची पद्धत घेण्यासारखी वाटते: घर एक, आराखडा एक. आमच्या 769 च्या बरोबर उलटं.

आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे मला माहीत आहे. पण याद्या आहेत, फक्त विखुरलेल्या. सेविकेकडे सहा वर्षांपर्यंतची मुलं आणि गरोदर बाया. आशाकडे आजारी माणसं, टीबीच्या गोळ्या चालू असलेले. दुकानदाराकडे अंत्योदयची 35 किलोवाली कार्डं. तलाठ्याकडे निराधारांची कागदपत्रं. शाळेकडे गैरहजर पोरं. महिन्यातून एक तास ही पाच माणसं पंचायतीत एका टेबलाभोवती बसवा. सरपंचानं फक्त चहा सांगायचा आणि एक प्रश्न विचारायचा: पाचांपैकी एकाच यादीत कोण आहे? आशा म्हणेल, अमक्याला टीबी आहे. दुकानदार म्हणेल, त्याचं कार्ड माझ्याकडे नाही. का नाही? भावाच्या कार्डात नाव आहे आणि भाऊ धान्य देत नाही. हे एवढं कळायला एक तास पुरतो. एरवी ते वर्षानुवर्षं कळत नाही.

मराठवाड्यातली मंडळी इथे बसलीत, त्यांना एक जादा सांगतो. तुमची यादी जुलैत एक असते आणि डिसेंबरात दुसरी. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, अर्ध्या गावाला कुलपं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. डिसेंबरात ती यादी पुन्हा वाचा. कोणाला कोण भाकरी देतंय, हे तेव्हाच कळतं.

यादीचा धोकाही सांगतो. 2002 ची दारिद्र्यरेषेची पाहणी जुन्या मंडळींना आठवत असेल. 13 प्रश्न, जास्तीत जास्त 52 गुण, जितके कमी तितका गरीब. अंगावर कपडे किती, दोन वेळचं जेवण मिळतं का, असले प्रश्न. गावागावांत भांडणं झाली. ज्याचं नाव चुकलं त्याचं चुकलंच. नंतर कितीतरी वर्षं लोक तीच यादी घेऊन आमच्या दारात उभे होते. एकदाच करून कपाटात ठेवलेली यादी अशी माणसाच्या मानगुटीवर बसते. आणि आजाराचं, घरातल्या मारहाणीचं नाव ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचं नसतं. ती चार भिंतींत ठेवायची गोष्ट आहे. भावकीचं राजकारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

विधवा भगिनींचं थोडं बोलतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढलं की बाकीच्या पंचायतींनीही हे करावं. एका ग्रामपंचायतीच्या ठरावानं मंत्रालय हललं, याचा मला फार आनंद झाला. अनेक गावांनी मग तसे ठराव केले. पण ठरावाला एक शेपूट जोडायला हवं होतं, असं मला तेव्हापासून वाटतं. त्या बाईच्या बांगड्या राहिल्या, पण निराधार योजनेचा दरमहाचा ‘पगार’ चालू झाला का?

कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. निराधार योजनेतून तिला सध्या दरमहा 1500. उत्पन्नाची अट आहे, राज्यात 15 वर्षांच्या रहिवासाची अट आहे, आधार बँक खात्याला जोडलेलं लागतं. हे तिला कोण सांगतं? गावातला एखादा एजंट. तो हजार-दोन हजार घेतो. आणि त्या मृत्यूची नोंद कुणी केली? आपण. 21 दिवसांच्या आत, आपल्याच रजिस्टरात, वयासकट. म्हणजे ही बाई आता एकटी आहे हे तालुक्याच्या आधी, बँकेच्या आधी पंचायतीला माहीत असतं. आपण दाखल्यावर शिक्का मारतो आणि पुढचा माणूस बोलावतो.

(एका सदस्य ताईंचा प्रश्न: मयताच्या घरी लगेच अर्जाचा विषय काढला तर लोकांना राग येईल. कसं बोलायचं?)

ताई, बरोबर विचारलंत. घरी जाऊन काढूच नका. दहावा, तेरावा होऊ द्या. दाखला न्यायला कुणी ना कुणी येतंच, विम्याला लागतो, बँकेत लागतो, वारस नोंदीला लागतो. बहुतेक वेळा दीर येतो किंवा भाऊ. त्याला सांगा, वहिनींना एकदा पाठवा, सही लागेल. नसली लागत तरी सांगा, एवढं खोटं चालतं. ती आली की तिला खुर्ची द्या, आणि तुम्ही स्वतः बसा, शिपायावर सोडू नका. बाईमाणूस समोर असलं की ती बोलते. रेशनकार्डात नाव कुणाचं, खातं आहे का, पोरं शाळेत जातात का, एवढं विचारा आणि लिहून घ्या. अर्ज आपल्या संगणक परिचालकाकडून तिथेच भरून घ्या. मग मृत्यूच्या रजिस्टरात त्या नोंदीपाशी पेन्सिलीनं बारीक खूण करा, अर्ज गेल्याची. पुढच्या महिन्यात पाचजण टेबलाभोवती बसतील तेव्हा रजिस्टर उघडायचं आणि खूण नसलेली नावं वाचायची.

पेन्सिलीनंच करा हं. शाईनं केलीत तर ऑडिटवाला विचारेल, हा कुठला नमुना.