महालक्ष्म्या जेवल्या, आजी कधी जेवणार?

नमस्कार श्रोतेहो. ज्येष्ठा गौरी म्हणा, नाहीतर आमच्या मराठवाड्यात म्हणतात तशा महालक्ष्म्या म्हणा, त्यांच्या जेवणाच्या दिवशी घरात सगळ्यात जास्त वेळ उपाशी कोण राहतं ठाऊक आहे? घरातली सगळ्यात वयस्क बाई.

माझ्याच घरातली गोष्ट सांगते. सासूबाई तेव्हा 78 वर्षांच्या. सकाळी सवयीनं मधुमेहाची गोळी घेतली आणि नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही म्हणून कपभर चहावर बसून राहिल्या. पुरण वाटून, सोळा भाज्या होऊन आरतीला चार वाजले. ऐन आरतीत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. आम्हाला वाटलं, गर्दीनं, धुपाच्या धुरानं झालं असेल. पण साखर उतरली होती. अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली तेव्हा कुठे पंधरा मिनिटांत सावरल्या. वर मलाच म्हणतात, "अगं, आरती कशाला थांबवली?"

म्हणून पदार्थांच्या आधी वेळेचं बोलते. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर धोकादायक खाली येते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. सणाच्या दिवशी गोळी कधी आणि किती घ्यायची, हे आठवडाभर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. आपल्या मनानं गोळी चुकवू नका. आम्ही आता सकाळच्या पूजेतच दूध आणि फळाचा नैवेद्य दाखवतो. तो प्रसाद म्हटल्यावर सासूबाई नाही म्हणत नाहीत! पोटभर जेवणही त्यांना वेळेवरच मिळतं. सोवळं सांभाळणाऱ्या नणंदबाईंनी आधी नाक मुरडलं, पण आता त्याच आठवण करतात.

आता ताटाकडे येऊ. म्हाताऱ्या माणसांना पथ्याचं म्हणून दुधी आणि मऊ भात वेगळा वाढायचा, हे मला पटत नाही. भरल्या पंगतीत वेगळं ताट म्हणजे त्यांना बाजूला बसवल्यासारखंच. शिवाय गरजही नाही. हे ताट नीट बघा. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आहे, ती न चावताही घशाखाली उतरते. कटाची आमटी आहे. सोळा भाज्यांची मिसळ मऊ शिजवली की दात नसलेल्यालाही खाता येते. आजोबांना चालेल असं निम्मं जेवण पाटावर आधीच मांडलेलं असतं. आपण मात्र आग्रह करतो तो भजी, कुरडया आणि तुपाच्या धारेचा.

पुरणपोळीला उगाच बदनाम करू नये. हरभऱ्याच्या डाळीत प्रथिनं असतात, आणि उतारवयात स्नायू झिजतात तेव्हा ती हवीच असतात. पण "गुळाची आहे, साखर नाही" हे समाधान खोटं आहे. रक्तातली साखर गुळानंही वाढतेच. डाळीइतकाच गूळ घालायची रीत असेल तर थोडा कमी घाला, जायफळ-वेलची जरा सढळ हातानं घाला. आधी आमटी, भाजी, कोशिंबीर, आणि मग एक लहान पोळी, दुधात कुस्करून. त्या दिवशी खीर नको, भातही बेतानं.

मिठाची गंमत वेगळीच. देवाचा स्वयंपाक चाखायचा नाही, म्हणून मीठ अंदाजानं पडतं. त्यात ताटात पहिल्यांदा वाढतात तेही मीठच! वयानं जिभेची चव मंदावलेली असते, त्यामुळे आजोबांचं बोट नेमकं तिकडे वळतं. दिवसभराचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून जरा कमीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड आणि लोणच्यातच त्यातलं बरंच संपतं. लिंबाची फोड मोठी ठेवा, ओल्या नारळाची चटणी वाढा. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

आणि पाणी. उतारवयात तहान लागल्याचं लवकर कळत नाही. त्यात घरभर पाहुणे, संडासापुढे रांग, म्हणून आज्या मुद्दाम पाणी टाळतात. विचारलं तर सांगणार नाहीत. एखाद्या नातवाला दर तासाला आजीला अर्धा पेला मठ्ठा द्यायचं काम सोपवा. आलं, जिरं, कोथिंबीर घातलेला, मीठ नावापुरतं.

पंगत बसेल तेव्हा वडीलधाऱ्यांना पहिल्याच पंगतीत खुर्ची-टेबलावर बसवा. पाटावर बसायला सासूबाईंचे गुडघे तयार नसतात. गेल्या वर्षी त्या खुर्चीवर बसल्या, आंबील दोनदा मागून घेतली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जरा आलं जास्त घाल."