चौकटीचा पाळणा

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्याचा, नौपाड्यातला. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आपलं वागळे इस्टेट. तिथल्या एका फाउंड्रीत मी तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. ओतकामासाठी वाळूत साचा उठवायला आधी लाकडाचा नमुना लागतो, तो घडवायचं माझं काम.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिचं डोहाळजेवण झालं त्याच आठवड्यात आमच्या जुन्या बिल्डिंगचं पाडकाम सुरू झालं. येणाऱ्या बाळाच्या पाळण्यासाठी मी कंत्राटदाराकडून आमच्या खोलीच्या दाराची चौकट मागून आणली. अस्सल सागवान. दाराची कडी वर्षानुवर्षं लोंबकळून जिथे घासली, तिथे लाकडात बोटभर अर्धगोल खळगा पडलाय. तो मी रंधला नाही. पाळण्याच्या डोक्याकडच्या फळीत तसाच ठेवलाय.

जुनं सागवान पाळण्याला फार चांगलं, कारण ते मुरलेलं असतं. ओलं लाकूड वखारीतून आणून लगेच कामाला घेतलं, तर सुकताना आकसतं, पिळतं आणि सांधे सैल होऊन करकरायला लागतात.

पण त्या चौकटीवर ऑइल पेंटचे सात-आठ थर होते, आणि इथे कळकळीनं सांगतो, सावध राहा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 2017च्या नोव्हेंबरात लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका. शिशाची धूळ आईच्या श्वासातून पोटातल्या बाळापर्यंत पोचते, त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. म्हणून गरोदर बाई असलेल्या घरात असल्या लाकडाला कोरडा पॉलिशपेपर लावायचाच नाही. मी मित्राच्या बंद गाळ्यात, तोंडाला चांगला मास्क लावून, लाकूड ओलं करून पात्यानं रंग खरवडला. खरवड पिशवीत बांधली, फरशी ओल्या फडक्यानं पुसली, अंगावरचे कपडे वेगळे धुतले. चार दिवस गेले. जाऊ देत.

मग मापं. कठड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. जास्त फटीतून बाळाचं अंग खाली सरकतं आणि डोकं अडकतं. मी लाकडाचा 6 सेंटिमीटरचा ठोकळा कापला आणि प्रत्येक फटीत घालून पाहिला. एकीत तो सुळकन गेला, ती पट्टी काढून पुन्हा बसवली. गादी सपाट आणि घट्ट हवी, कडेला दोन बोटं शिरतील एवढीही जागा नको. आत उशी, लोड काही नको; बाळाला उताणंच झोपवायचं. आणि ते कुशीवर वळायला लागलं की पाळणा बंद, मग कितीही सुबक असला तरी.

पॉलिश म्हणून मी खायचं कच्चं जवसाचं तेल लावलंय. बाळाचं तोंड लाकडाला लागणारच. हे तेल सुकायला काही आठवडे घेतं, म्हणून शेवटच्या महिन्यावर काम ढकलू नका. तेलाची फडकी मात्र चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा, किंवा मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा.

आमच्या हिचं म्हणणं, बाळ येण्याआधी पाळणा उभा करू नये, रिकामा पाळणा हलवू नये. माझ्या आईचंही हेच म्हणणं होतं. मला ते मोडवलं नाही. म्हणून सांध्यांना फेविकॉल लावलाच नाही. कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, भोकात बसवून वरून पाचर ठोकायची, असा पाळणा केला. सगळे भाग जुन्या धोतरात गुंडाळून पलंगाखाली ठेवलेत. चार पाचरी हिनं देवघराच्या खणात ठेवल्यात. बारशाच्या सकाळी त्या माझ्या हातात देणार आहे.