ओल्या लाकडाचा रविवार

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या वायव्येला चिल्टर्न नावाच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्या उतारांवर बीच वृक्षांची जुनी राने आहेत. त्यांपैकी एका रानात दर महिन्याच्या एका रविवारी पंधरा-वीस माणसे जमतात आणि नुकत्याच तोडलेल्या, ओल्या लाकडापासून चमचे, वाडगे, तिवया आणि खुर्च्या घडवतात. गेली सहा वर्षे मीही तिथे जाते आहे.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात सुतारकी करत. फणसाचा ओंडका चिरून फळ्या निघाल्या की त्या मागल्या पडवीत, मध्ये काठ्या घालून रचायच्या आणि दोन पावसाळे तरी त्यांना हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे पहिल्या रविवारी, आठवड्यापूर्वी पाडलेल्या झाडाचा गार, जड ओंडका फोडून लोक लगेच त्याचे चमचे तासायला बसलेले पाहिले, तेव्हा हे सारे चुकते आहे असेच मला वाटले. आजोबांचा नियम फळ्यांसाठी बरोबर होता आणि या लोकांची रीत फोडलेल्या लाकडासाठी तितकीच बरोबर आहे, हे उमगायला मला पुरते एक वर्ष लागले.

जिवंत झाडाच्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. झाड तोडल्यावर पोकळीतले पाणी आधी निघून जाते आणि तोवर लाकूड जवळजवळ आकसत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांखाली उतरला की भिंतींतले पाणी सुटू लागते आणि तिथून लाकूड आकसायला लागते. हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते. वर्षवलयांच्या कडेने ते सर्वांत जास्त असते, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मे, आणि खोडाच्या लांबीत मात्र नगण्य. अखंड गोल ओंडका वाळताना तडकतो तो या असमान ओढीमुळे. तोच ओंडका पाचर मारून मधोमध फोडला आणि गाभा काढून टाकला, तर लाकडाला आकसायला मोकळीक मिळते. शिवाय फोडलेल्या तुकड्यात तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात, करवतीसारखे मध्येच कापले जात नाहीत, म्हणून बारीक दांडीही चांगला भार पेलते.

या साऱ्याचा कस खुर्चीत लागतो. पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या आधी घडवून चुलीजवळ अगदी कोरड्या वाळवतात, काही जण त्यांची टोके तापलेल्या वाळूतही खुपसून ठेवतात. पाय मात्र थोडे ओलसरच ठेवतात आणि त्यांत भोके पाडून कोरडी टोके ठोकून बसवतात. पुढे पाय वाळत जातात आणि त्यांतले भोक टोकाला आवळत जाते, तर कोरडे टोक हवेतला थोडा ओलावा घेऊन किंचित फुगते. असा सांधा खिळ्यावाचून वर्षानुवर्षे टिकतो.

आमच्या या जमण्याला ‘नियमित’ म्हणतात ते केवळ माणसांच्या सोयीमुळे नव्हे, असे मला वाटते. ओले लाकूड थांबत नाही. झाडे हिवाळ्यात, रस कमी असताना तोडली जातात आणि ओंडके सावलीत, सालीसकट, ओल्या पोत्याखाली ठेवले तरी त्यांचा ओलसरपणा काही काळच टिकतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या रविवारी प्रामुख्याने ओंडके फोडणे आणि ढोबळ तासणी होते. वाडगा आतबाहेरून जाडसर कोरून, त्याच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत घालून घरी नेतात, म्हणजे तो सावकाश वाळतो, आणि पुढच्या किंवा त्यापुढच्या रविवारी त्यावर शेवटचा हात फिरवतात. वसंताच्या अखेरीस एल्मची साल सहज सुटते, तेव्हा तिचा आतला चिवट थर सोलून त्याच्या पट्ट्या खुर्चीच्या बैठकीसाठी गुंडाळून ठेवतात. म्हणजे दोन रविवारांमधले जे दिवस रिकामे दिसतात, त्या दिवसांत लाकूड आपले काम करत असते.

या टेकड्यांना ही रीत नवी नाही. एकोणिसाव्या शतकात जवळचे हाय विकम हे गाव खुर्च्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते आणि त्या खुर्च्यांचे पाय रानातच कातणाऱ्या, म्हणजे लाकूड फिरवत हत्याराने त्याला गोल आकार देणाऱ्या, कारागिरांना ‘बॉजर’ म्हणत. ते उभी बीच झाडे विकत घेत, तिथेच साधी झोपडी उभारत आणि पाय व दांड्या कातून कारखान्यांना पुरवत. बैठकीची एल्मची फळी आणि पाठीची कमान दुसऱ्या कारागिरांकडून येई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही परंपरा जवळजवळ संपली होती. पुढे हौशी माणसांनी ती पुन्हा हाती घेतली आणि १९९० साली ब्रिटनमध्ये अशा कातारी व ओल्या लाकडाच्या कारागिरांची देशव्यापी संघटनाही स्थापन झाली.

बॉजरांचा कातण्याचा सांगाडा आमच्या रानातही उभा आहे. वर एक लवचिक, लांब काठी आडवी बांधलेली असते. तिच्या टोकाची दोरी खाली येऊन लाकडाभोवती वेढा घेते आणि पायाखालच्या फळीला बांधलेली असते. फळी दाबली की लाकूड आपल्याकडे फिरते, पाय सोडला की काठी दोरी वर ओढते आणि लाकूड उलटे फिरते. हत्यार फक्त पाय दाबताना लावायचे, परतीच्या फेऱ्यात किंचित मागे घ्यायचे. आपल्याकडचे जुने कातारीही दोरीचा वेढा देऊन लाकूड असेच पुढेमागे फिरवत आणि एकाच दिशेला पटाशी टेकवत. ते येथे कुणाला सांगितले की लोक हातातले काम ठेवून ऐकतात.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी हत्यार देण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती फिरायला सांगतात. त्या वर्तुळात दुसरे कुणी नसेल तरच चाकू उघडायचा. त्यानंतर त्याला बर्चचा फोडलेला तुकडा मिळतो आणि शेजारी बसलेली व्यक्ती, मग ती निवृत्त परिचारिका असो वा शाळकरी मुलगा, त्याला कुऱ्हाडीची पकड दाखवते. येथे शिकवणीचे शुल्क नाही. सरपण, चहा आणि ओंडके वाहण्याचे कष्ट सर्वांचे.

काळजीची गोष्टही सांगितली पाहिजे. खुर्चीच्या दांड्यांसाठी ॲशसारखे सरळ फुटणारे आणि चिवट लाकूड विरळाच, आणि २०१२ साली ब्रिटनमध्ये आढळलेल्या बुरशीच्या रोगाने ॲशची झाडे मोठ्या संख्येने मरत आहेत. त्याआधी १९७०च्या दशकात एल्मवर असेच संकट आले होते आणि मोठे एल्म आता क्वचितच दिसतात. त्यामुळे आमच्यातले काही जण हेझल आणि चेस्टनटची राने बुंध्यापासून छाटून पुन्हा फुटू देण्याच्या जुन्या पद्धतीने जपू लागले आहेत. छाटलेले हेझल साधारण सात ते दहा वर्षांनी पुन्हा तोडण्याजोगे होते आणि तोवर बुंध्यांजवळ प्रकाश आल्याने रानफुलेही वर येतात.

माझ्या पहिल्या खुर्चीच्या दांड्या सध्या घरी चुलीशेजारी आहेत. दर रविवारी त्यांचे वजन करून त्यांवर पेन्सिलीने लिहिते. गेल्या दोन वेळा आकडा बदललेला नाही, म्हणजे त्या वाळल्या. पायांचे ॲश मात्र अजून रानात, ओल्या पोत्याखाली आहे.