कुत्रीची नसबंदी: शस्त्रक्रियेआधीची तयारी आणि नंतरचे १४ दिवस

नमस्कार. पाळलेल्या कुत्रीची नसबंदी करायची की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत ती पहिल्यांदा माजावर आल्यावरच उभा राहतो. फरशीवर रक्ताचे थेंब दिसू लागतात, गल्लीतले नर फाटकाशी ठाण मांडतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी सांगतात की एकदा तिला पिल्ले होऊ द्यावीत, मग पाहावे. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, परंतु त्याला वैद्यकीय आधार नाही. एकदा व्याल्याने कुत्रीची प्रकृती सुधारत नाही, आणि गर्भाशय शरीरात आहे तोवर त्याच्या आजारांचा धोकाही टळत नाही.

त्यांतील सर्वांत घातक आजार म्हणजे गर्भाशयात पू होणे, ज्याला डॉक्टर पायोमेट्रा म्हणतात. माज ओसरल्यानंतर, नराशी संबंध आलेला असो वा नसो, कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण सुमारे दोन महिने वाढलेले राहते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, आणि माजाच्या काळात आत शिरलेल्या जंतूंना तेथे वाढायला वाव मिळतो. प्रत्येक माजानंतर हेच घडत असल्याने वय वाढते तसा धोकाही वाढतो. माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत कुत्री अचानक खूप पाणी पिऊ लागली, वारंवार लघवी करू लागली, उलट्या होऊन मलूल पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. योनीमार्गातून पू बाहेर येत नसेल तर आजार नाही असे समजू नये. गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर पू आतच साठतो आणि ती अवस्था अधिक धोक्याची असते. अशा वेळी बहुधा हीच शस्त्रक्रिया करावी लागते, मात्र तेव्हा ती अत्यंत आजारी शरीरावर करावी लागते. निरोगी असताना नसबंदी करून घ्या असे मी आग्रहाने सांगते, ते मुख्यतः याच कारणासाठी. स्तनांतील गाठींचा धोकाही लवकर केलेल्या नसबंदीने कमी होतो असे बहुतेक पशुवैद्य मानतात. तो नेमका किती कमी होतो याविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

आता वय. लहान आणि मध्यम चणीच्या कुत्रींची नसबंदी साधारण ६ महिन्यांच्या सुमारास करता येते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत मात्र वाढ पूर्ण होऊ देणे, म्हणजे साधारण एक वर्षानंतर शस्त्रक्रिया करणे, अनेक डॉक्टर पसंत करतात, कारण हाडांची वाढ वेळेवर थांबण्यात अंडाशयातील संप्रेरकांचा वाटा असतो आणि घाई केल्यास सांध्यांचे विकार वाढल्याचे मोठ्या जातींत आढळले आहे. माज चालू असताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव अधिक होऊ शकतो, म्हणून माज संपल्यावर दोन ते तीन महिने थांबावे. या काळात खोट्या गर्भारपणामुळे स्तनांत दूध आले असेल, तर ते आटल्यावरच तारीख घ्यावी.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांबद्दल मला जरा विस्ताराने बोलायचे आहे, कारण खर्च वाचवण्यासाठी लोक नेमकी हीच पायरी गाळतात. आपल्याकडे गोचिडांचा त्रास जवळजवळ वर्षभर असतो आणि त्यांच्यामार्फत एर्लिकिया व बॅबेसिया हे संसर्ग कुत्र्यांना होतात. एर्लिकियाचा संसर्ग झालेली कुत्री कित्येक महिने खाऊनपिऊन ठणठणीत दिसू शकते, आणि तरीही तिच्या रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या असतात. प्लेटलेट कमी असताना पोट उघडले, तर थांबायला हवे ते रक्त थांबत नाही. त्यामुळे रक्ताची संपूर्ण तपासणी, त्यातील प्लेटलेटची संख्या, आणि यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या करून घेतल्याशिवाय भूल देऊ नये, असे तुम्ही स्वतःहून डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रिया चालू असताना श्वासनलिकेत नळी घातली जाईल का, शिरेतून सलाईन असेल का, भुलेवर कोण लक्ष ठेवील, आणि वेदनाशामक औषध किती दिवस दिले जाईल, हेही विचारा. हे विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी दुखावत नाही. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत चौकशी करावी.

ठरलेल्या दिवसाच्या एक-दोन दिवस आधी तिला आंघोळ घाला, कारण नंतर दोन आठवडे ती घालता येणार नाही. आदल्या रात्रीपासून खाणे कधी बंद करायचे ते डॉक्टर सांगतील, आणि ती वेळ घरातील प्रत्येकाला माहीत हवी. केविलवाणा चेहरा पाहून कोणी तरी चतकोर पोळी भरवते, आणि भुलेखाली उलटी होऊन ते अन्न फुप्फुसांत जाऊ शकते. असे झाले असेल तर लपवू नका. तारीख पुढे ढकलता येते.

शस्त्रक्रियेत पोटाच्या मध्यरेषेवर किंवा कुशीवर छेद घेऊन अंडाशय आणि गर्भाशय काढले जाते. काही डॉक्टर निरोगी तरुण कुत्रीचे केवळ अंडाशय काढतात, आणि तेही पुरेसे असते.

घरी आणल्यावरची पहिली रात्र कठीण वाटते. ती झोकांड्या खाते, कण्हते, कधी ओळखच नसल्यासारखी पाहते. हा भुलेचा अंमल असतो आणि सकाळपर्यंत तो बराचसा उतरतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणून गोधडी किंवा जाड सतरंजी अंथरा, पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका, आणि पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडेसेच हलके अन्न द्या. त्या रात्री दोन-तीन तासांनी एक गोष्ट अवश्य पाहा. तिचा ओठ हळूच वर उचला. हिरडी गुलाबी दिसली पाहिजे. बोटाने दाबल्यावर तेथे पांढरा ठिपका उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत तो पुन्हा गुलाबी होतो. हिरड्या फिकट पडल्या असतील, रंग परतायला वेळ लागत असेल, किंवा पोट फुगून ती उठत नसेल, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. म्हणूनच रात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांक दवाखान्यातून निघण्यापूर्वीच लिहून घ्या.

तिसऱ्या दिवशी मात्र चित्र पालटते. ती शेपटी हलवत दाराशी येते, सोफ्यावर चढायला पाहते, आणि घरातील सर्वांना वाटते की सुटलो. माझ्या मते संपूर्ण काळातील सर्वाधिक जोखमीचे दिवस येथूनच सुरू होतात. पहिले चार-पाच दिवस जखमेच्या कडांना स्वतःची ताकद जवळजवळ नसते, सारा भार टाक्यांच्या दोऱ्यावर असतो. आणि वरची त्वचा जुळलेली दिसली तरी आतील स्नायूंचा थर त्यानंतरही बराच काळ नाजूकच राहतो. एका उडीने आतले टाके तुटू शकतात. म्हणून १० ते १४ दिवस जिना नाही, पलंगावर उडी नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. लघवी आणि शौचासाठी पट्टा बांधूनच न्यायचे आणि लगेच परत आणायचे. फारच चळवळी असेल तर शांत करणारे औषध डॉक्टरांकडून मागून घ्या.

(कॉलर कॅमेऱ्यासमोर धरून)

ही गळ्यात घालायची, तोंडाभोवती शंकूसारखी पसरणारी कॉलर. तिची पुढची कड नाकाच्या टोकापेक्षा थोडी पुढे आली पाहिजे. आखूड असेल तर कुत्री मान वळवून टाक्यांपर्यंत सहज पोहोचते. गळ्याशी दोन बोटे आत जातील इतकीच ती सैल ठेवा. कुत्र्याच्या चाटण्याने जखम बरी होते हा समज चुकीचा आहे. जिभेवरचे जंतू जखमेत जातात आणि पुढचे दात काही मिनिटांत टाके उपटून काढतात. "बिचारी रडते आहे" म्हणून रात्री कॉलर काढली जाते, आणि आपण झोपेत असतानाच तिला मोकळा वेळ मिळतो. जेवताना तुम्ही समोर बसला असाल तेवढ्यापुरती ती काढा. कॉलर मुळीच सहन होत नसेल तर अंगभर बसणारा कापडी सूट मिळतो, पण तो ओला किंवा मळका राहू देऊ नका, विशेषतः पावसाळ्यात.

जखमेवर हळद, खोबरेल तेल, डेटॉल यांपैकी काहीही लावू नये. ती कोरडी ठेवायची आणि दिवसातून दोनदा उजेडात पाहायची, शक्य तर रोज एक छायाचित्र काढायचे, म्हणजे बदल लगेच लक्षात येतो. कडेची थोडी सूज आणि लाली पहिल्या दिवसांत चालते. पू, दुर्गंध, सतत झिरपणारे पाणी, वाढत जाणारी गाठ, उघडलेली फट किंवा १०३ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक ताप, यांतील काहीही दिसले तर डॉक्टरांना गाठा. आपल्या घरातील आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल तिला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक मात्र ती बरी दिसली तरी ठरलेले दिवस द्या. शौचाला दोन-तीन दिवस झाली नाही तर घाबरू नका, पण लघवी २४ तासांत झालीच पाहिजे.

टाके निघाल्यावर आंघोळ आणि फिरणे हळूहळू पूर्ववत करता येते. त्यानंतर लक्ष द्यायचे ते ताटलीकडे. नसबंदीनंतर शरीराची अन्नाची गरज साधारण पाव हिश्शाने घटते आणि भूक मात्र वाढू शकते, त्यामुळे पूर्वीइतकाच भात आणि पोळी देत राहिल्यास वजन वाढणारच. फासळ्यांवरून हात फिरवताना त्या बोटांना सहज जाणवल्या पाहिजेत. मोठ्या चणीच्या काही कुत्रींना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. अशा वेळी तिला रागावू नका, तिला ते कळतही नसते. डॉक्टरांना दाखवा, औषधांनी हा त्रास बहुतेक वेळा आटोक्यात येतो.