सूर्यदेवी रुसून बसली ते गाव: ताकाचिहो

[ड्रोन. आसोचं पठार, पिवळं गवत, रस्त्यावर एकच बस]

जपानमधल्या कुमामोतोहून सकाळी निघालो तेव्हा बसमध्ये आम्ही धरून चौदा जण, त्यातले निम्मे झोपलेले. झोपलेल्यांनी काय मिस केलं ते आता बघा. ही खाली दिसतायत ती माळरानं, शेतं, घरं, हे सगळं एका ज्वालामुखीच्या पोटात आहे. आसो. उत्तर-दक्षिण साधारण २५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम १८. आणि त्या खड्ड्यात लोक आरामात भात लावतायत, मध्ये रेल्वेसुद्धा आहे. ही कड ओलांडून खाली उतरलं की मियाझाकी प्रांत लागतो आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात, डोंगरांच्या बेचक्यात, आपलं आजचं गाव.

[दरी, वरून. होड्या]

यूट्यूबवर ताकाचिहो टाकलंत तर पहिलं हेच येतं, आणि का येतं ते दिसतंयच. गोकासे नदी. दोन्ही बाजूंना जे खांब खांब उभे आहेत ते कोणी घडवलेले नाहीत, सव्वा लाख आणि नव्वद हजार वर्षांपूर्वी त्याच आसोतून तापलेल्या राखेचे नि दगडांचे लोंढे इथपर्यंत आले, थंड होताना आकसले, उभे तडकले आणि मग नदीनं आपलं काम केलं. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर हे खांब ओळखीचे वाटतील, फक्त तिथं लाव्हा होता आणि इथं राख. हा मानाइ धबधबा, १७ मीटर. होडी स्वतःच वल्हवायची असते, आणि हे जे जोडपं गोल गोल फिरतंय त्यांना आम्ही मुद्दाम नाही शूट केलं, ते फ्रेममधून बाहेर जातच नव्हते.

जेवायला बांबूच्या पन्हळीतून वाहत येणाऱ्या शेवया. चॉपस्टिकनं पकडायच्या, सुटली की गेली. ही पद्धत आमचीच असं इथले लोक सांगतात. चला पुढे.

[तोरी, म्हणजे देवळाची कमान. दोन्ही बाजूंना झाडं. पायऱ्या]

खरं तर आम्ही आलो ते इथं. आमानो इवातो देऊळ. आता गोष्ट सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, आणि ही गोष्ट आत्ताची नाही, ७१२ साली लिहिलेल्या कोजिकी या ग्रंथात आहे, ७२० च्या निहोन शोकीत आहे.

आपल्याकडे सूर्य म्हणजे सूर्यनारायण. जपानात ती देवी आहे. अमातेरासु. आणि तिला एक भाऊ, सुसानोओ, महा उपद्व्यापी. त्यानं काय केलं, बहिणीच्या भातशेताचे बांध फोडले, पाट बुजवले, नव्या धान्याच्या सणाची जी जागा तिथं घाण करून ठेवली. ती तरीही त्याची बाजू घेत राहिली, प्यायला असेल, काहीतरी कारण असेल वगैरे. मग एक दिवस ती विणकामाच्या घरात असताना ह्यानं छपराला भोक पाडलं आणि सोललेला घोडा वरून आत टाकला. विणणारी एक बाई दचकून धोट्यावर पडली आणि गेली. तेव्हा मात्र अमातेरासु गुहेत गेली आणि आतून दार लावून घेतलं. आणि सगळीकडे काळोख.

[देवळाचं छप्पर. झाडाची फांदी, क्लोजअप]

ती गुहा म्हणजे इथलीच, असं मानतात. देवळाच्या मागे, इवातो नदीच्या पलीकडच्या कड्यात. आणि ती तुम्हाला दिसणार नाही, कारण तिचा फोटो काढायला मनाई आहे. पुजारी येतात, थोडक्यात ओवाळणी केल्यासारखी कागदाची झालर डोक्यावरून फिरवतात, मागच्या दारानं एका छोट्या कट्ट्यावर नेतात आणि नदीच्या पलीकडे बोट दाखवतात. कॅमेरा बंद. म्हणून एवढ्या लांब येऊन आमच्याकडे छप्पर आहे, झाड आहे, गुहा नाही. एडिटिंगला बसल्यावर पहिल्यांदा चिडचिड झाली, मग वाटलं बरंच झालं. जी रुसून आत गेली तिच्या दारावर ड्रोन नेऊन काय मिळवणार होतो? या देवळाला गाभारा नाही, गुहा हाच गाभारा, आणि तिथं पाय ठेवायची कोणालाच परवानगी नाही.

ही फांदी मात्र नीट बघा. ओगातामा. पानं बघून आमच्यातला कोकणातला जो आहे तो लगेच म्हणाला, अरे चाफाच की! आणि तो चुकला नव्हता, आपल्या सोनचाफ्याचं हे सख्खं भावंड. नाचताना उझुमेच्या हातात याचीच फांदी होती असं देवळात सांगतात, आणि आता कागुरा, म्हणजे देवासमोरचा नाच, नाचणाऱ्यांच्या हातात घुंगरांचा जो झुपका असतो तो म्हणे याच्या फळांच्या घोसावरून आला. उझुमे कोण ते येतंच.

[नदीकाठची पायवाट. मग गुहा, रचलेले दगड]

दहा मिनिटं नदीच्या कडेनं चालायचं आणि मग हे.

[निवेदन थांबवा. फक्त पाण्याचा आवाज, पंधरा सेकंद]

आमानोयासुकावारा, ही दुसरी गुहा. काळोख पडल्यावर देवांची मीटिंग झाली ती इथं. आपले तेहतीस कोटी, त्यांचे ऐंशी लाख, अर्थात दोन्ही आकडे मोजून काढलेले नाहीत. गुहा साधारण ४० मीटर रुंद, ३० मीटर खोल, आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही इतके हे दगड, एकावर एक, मागायला आलेल्या लोकांनी रचलेले. या पाहुण्याची सॅक लागून एक चवड पडली, तर तो बिचारा बराच वेळ त्या दगडांसमोर वाकून सॉरी सॉरी म्हणत होता. लेन्सवर जे ठिपके दिसतायत ते छतातून गळणारं पाणी आहे, पुसून उपयोग नव्हता.

तर मीटिंग. ओमोइकाने नावाचा देव, डोक्याचं काम त्याच्याकडे. त्यानं प्लॅन केला. आधी कोंबडे आणून आरवायला लावले. एका देवीनं आरसा घडवला, दुसऱ्या देवानं मण्यांची माळ केली, एक झाड मुळासकट उपटून आणलं आणि त्यावर हे सगळं टांगलं. मंत्र म्हटले. दाराच्या बाजूला ताजिकाराओ हा पैलवान देव लपून उभा राहिला. आणि मग उझुमे पुढे आली. तिनं एक टब उपडा घातला, त्यावर चढली, पाय आपटून आपटून तो दणाणून सोडला, अंगात आल्यासारखी नाचली, कपड्यांचं भान राहिलं नाही तिला, आणि ऐंशी लाख देव जे हसले, जे हसले, की आकाश हललं.

आतून अमातेरासुला कळेना. मी नसताना अंधार असायला हवा, हसतायत कशाला? तिनं दार किंचित किलकिलं केलं. उझुमे म्हणाली, तुझ्याहून थोर देवी आलीये म्हणून. समोर आरसा धरला. ही कोण म्हणून ती थोडी पुढे आली, तेवढ्यात पैलवानानं हात धरून ओढली आणि मागे लगेच गवताचा दोर बांधून टाकला, आता परत आत जायचं नाही. तो दोर म्हणजे शिमेनावा, तुम्ही मघापासून प्रत्येक फ्रेममध्ये बघताय, आणि ताकाचिहोत तो बऱ्याच घरांच्या दारावर वर्षभर असतो, नुसता नवीन वर्षापुरता नाही.

पुतळा पैलवानाचा मोठा. पण आमचं म्हणणं, त्यानं फक्त शेवटी हात घातला, काम सगळं उझुमेचं. नव्वद टक्के तरी.

[संध्याकाळ. ताकाचिहो देऊळ, सुमारे ८०० वर्षांचा सुगी (जपानी देवदार) वृक्ष, खालून वर]

रात्री आठला ताकाचिहो देवळात कागुरा. तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, मांडी घालून बसायचं, एक तास, चार नाच, रोज. हा टुरिस्टांसाठी कापलेला तुकडा आहे, लपवून काय उपयोग. अख्खी योकागुरा, रात्रभराची कागुरा, म्हणजे ३३ नाच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, भाताची कापणी उरकल्यावर, एखाद्या वस्तीत, संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत. आणि पूर्वापार देवळात नाही, कुणाच्या तरी घरात. बैठकीची खोली रिकामी करतात, दोर बांधून चौकोन आखतात, वर ही कागदाची नक्षी लावतात, कात्री-सुरीनं कापलेली, तोरी, सूर्य, चंद्र वगैरे. नाचणारे शेतकरी, ऑफिसात जाणारे, गावातलेच. त्यांना होशादोन म्हणतात. मुखवट्याला नुसतं मुखवटा नाही म्हणत, ओमोते-सामा म्हणतात, म्हणजे साहेब लावून. हिरव्या बांबूच्या नळीत दारू गरम करतात, पाहुण्यांना देतात. तळकोकणात रात्र रात्र दशावतार बघितलेल्यांना पहाटे तीनची ती पेंग आणि तो चहा आठवेल. १९७८ पासून याला राष्ट्रीय लोकवारशाचा दर्जा आहे. नाचायला तरुण कमी पडतायत, काही ठिकाणी रात्रीऐवजी दिवसा उरकतात. त्या घरांपर्यंत आमचा कॅमेरा या खेपेला गेला नाही.

[ढोल, बासरी. पांढरा मुखवटा]

हा ताजिकाराओ, कान लावून ऐकतोय, आत ती आहे का. मान किती सावकाश वळते बघा.

ही उझुमे. मुखवट्याच्या आत पुरुषच आहे. गोष्टीतला धुडगूस इथं नाही, हळू पावलं, हातातला पंखा, मनगट. मला आधी वाटलं की हे फारच सोज्वळ करून ठेवलंय. दुसऱ्यांदा फुटेज बघताना तिच्या पायाकडे लक्ष गेलं. टाच. प्रत्येक फेरीत एकदा जमिनीवर आपटते.

[लाल मुखवटा, दार उचलतो]

दार उचललं. हे त्यानं इतक्या जोरात फेकलं की थेट नागानो प्रांतातल्या तोगाकुशीत जाऊन पडलं, असं म्हणतात.

[शेवटचा नाच. दोन मुखवटे, मडकं, गाळणं]

आणि हे इझानागी-इझानामी, नवराबायको, दारू गाळतायत. गाळतायत कमी, पितायत जास्त. आमच्या गाईडबाई, वय साठीच्या पुढे, दिवसभर हातात झेंडा घेऊन गंभीर चेहऱ्यानं इतिहास सांगत होत्या, त्या इथं आधीच तोंडावर रुमाल धरून बसल्या, कारण पुढं काय होणार ते त्यांना माहीत होतं. देवाला चढलीये. देव बायकोला सोडून प्रेक्षकांत शिरतो. पुढच्या रांगेतल्या आजींच्या गळ्यात पडतो. बायको मागून ओढतेय. आता तो इकडे बघतोय. इकडे म्हणजे आमच्याकडे.

[कॅमेरा हलतो. कापड लेन्सवर. चित्र काळं]

हे अकरा सेकंद कापायचे नाहीत असं ठरलं. दिसत काहीच नाही. आवाज वाढवा.

[हशा. चित्र काळंच]