थंडीच्या दिवसांत बाजारगल्लीचे फोटो

मंडळी, बेळगावची गणपत गल्ली असो वा खडेबाजार, फोटो काढायला निघालात की कॅमेऱ्याआधी मोबाईलमधलं होकायंत्र उघडा. गल्ली कुठल्या दिशेला धावते, यावर सगळं ठरतं.

२३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य नेमका पूर्वेला उगवतो. तेव्हा पूर्व-पश्चिम गल्लीत सकाळचं ऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ शिरतं. नवरात्राच्या उपवासाची रताळी बाजारात येतात ती याच सुमारास. डिसेंबरअखेर मात्र बेळगावात सूर्योदय पूर्वेपासून सुमारे २४ अंश दक्षिणेला सरकतो. तीच गल्ली मग सकाळभर सावलीत राहते, आणि आग्नेयेकडे कललेल्या गल्लीत ऊन उतरतं. सप्टेंबरात जमलेली जागा डिसेंबरात फसते, ती म्हणूनच.

दुपारचं गणित तर फार सुंदर आहे. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमारास. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याची उंची ७१ अंश असते, डिसेंबरअखेर ५१. दक्षिणेकडची इमारत ८ मीटर उंच असेल, तर तिची सावली पावणेतीन मीटरवरून साडेसहा मीटरवर जाते. गल्ली ६ मीटर रुंद असेल तर ऊन जमिनीला लागतच नाही; समोरच्या भिंतीवर पडून तिथून खाली परततं. भाजी निवडणाऱ्या मावशींच्या चेहऱ्यावर हा परतलेला उजेड पडतो, तेव्हा सुरकुती न् सुरकुती दिसते आणि डोळ्यांखाली काळं येत नाही. दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवायचा हा सल्ला थंडीत मानू नका.

या सावलीत लेन्सचं छिद्र एफ ८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ते ८००. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स ३ मीटरवर हाताने फोकस करून ठेवली, की साधारण १.९ ते ७.२ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. ऑटोफोकस गर्दीत भलत्याच खांद्यावर जातो.

उन्हाच्या तिरिपेतून गांधी टोपीवाले मामा येत असतील, तर एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड निम्माच घ्या. भोवतीचा अंधार पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि टोपी पांढरीफट्ट होते. गेलेला तपशील नंतर परत येत नाही. चहाची वाफ हवी असेल तर उजेड वाफेच्या मागून आणि पार्श्वभूमी काळी.

दिवाळीच्या बाजारात एलईडी माळांमुळे फोटोवर पट्टे उमटतात. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशा माळा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून साधं यांत्रिक शटर १/१०० सेकंदावर ठेवा.

आणि विचारा. “मावशी, तुमचं काम चालू दे, एक फोटो घेऊ का?” पहिल्या फोटोत त्या कॅमेऱ्याकडे बघतील. थांबा, दोन गिऱ्हाइकं होऊ द्यात, हात पुन्हा जुड्यांकडे वळतात. काढलेला फोटो दाखवा. त्या ‘नको’ म्हणाल्या तर तिथंच पुसा. आवडला, तर पुढच्या खेपेला ४ बाय ६ इंची प्रिंट नेऊन द्या.